कपाटातला वीर

काकासाहेबांच्या दिवाणखान्यात काचेचं एक कपाट होतं. त्यात गावच्या तालमीनं जिंकलेल्या ढाली होत्या, साखर कारखान्याच्या पहिल्या हंगामातली साखर बरणीत भरून ठेवलेली होती, पुढाऱ्यांबरोबर काढलेले फोटो होते, आणि मधल्या फळीवर निळ्या मखमलीच्या पेटीत माझा भाऊ होता.

पदक म्हणा हवं तर. सगळे पदकच म्हणायचे.

मी गोरक्ष. एसटीत कंडक्टर आहे, कर्जत-नगर गाडीवर. दारात लोंबकळणाऱ्यांवर ओरडून ओरडून माझा घसा बसलाय आणि डोकं कायमचं तापलंय, असं डेपोतले लोक म्हणतात. तेव्हा ही हकिगत कुणाला गोड आवाजात ऐकायची असेल तर त्यानं ती आमच्या गावच्या पुढाऱ्यांकडून, काकासाहेबांकडून ऐकावी. ते फार सुंदर सांगतात. सांगताना मधेच थांबून चष्मा पुसतात.

माझ्या पाठचा भाऊ सहादेव. नगरला भरती निघाली तेव्हा गेला आणि पहिल्याच फटक्यात निवडला गेला. एकाहत्तरच्या डिसेंबरात बंगालच्या बाजूला लढाई झाली, तिथं त्यांची तुकडी एका बांधाआड अडकून पडली होती. समोरच्या मोर्च्यातून मशीनगन चालू होती, कुणाला डोकं वर काढता येईना. सहादेव पोटावर सरपटत गेला. वाटेत त्याला दोन गोळ्या लागल्या, तरी तो पोचला, हातबॉम्ब आत टाकला आणि मोर्चा गप्प केला. मग तोही गप्प झाला. भिंगारच्या छावणीतून जे साहेब घरी आले होते त्यांनी आम्हाला हे सांगितलं. ते साहेब चांगले होते, आईसमोर जमिनीवर बसले.

पण तो स्वतः काही आला नाही. तिकडंच त्याला अग्नी दिला म्हणे. अस्थी आल्या नाहीत. एक ट्रंक आली. आईनं ती उघडली, एकेक कपडा नाकाला लावून पाहिला आणि परत घडी करून ठेवला. म्हणाली, हे समदं सरकारचं हाय, ह्यात त्यो न्हाई. तो अजून अविवाहित होता. मागं नाव सांगायला बायको नाही, लेकरू नाही. होती ती आई आणि मी.

आता वीर म्हणजे काय, हे सांगितलं पाहिजे. आमच्या भागात ज्या घरातला माणूस लढाईत पडला त्या घराला वीर असतो. त्या माणसाचा चांदीचा टाक करतात, पत्र्यावर उठवलेला घोडा आणि वर तलवारवाला स्वार. तो देव्हाऱ्यात बसतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, खोबऱ्याच्या वाटीत टाक ठेवून, लाल फडक्यात धरून घरचा पुरुष हलगीवर नाचत त्याला होळीभोवती पाच फेऱ्या घालतो. गुरव एकेका घराचा पुकारा करतो. ज्याचा पुकारा झाला त्याची फेरी झाल्याशिवाय पुढचा वीर हलत नाही. पडलेला माणूस असा वाटीत बसला की तो घरात आला. नाही बसला तर फिरत राहतो.

काकासाहेबांच्या घरी असा जुना वीर आहे. गावातला पहिला मान त्याचा. तो कुठल्या लढाईत पडला हे मात्र काकासाहेब कधी पानिपत सांगतात, कधी खर्डा. समोर कोण बसलंय त्यावर ते असतं.

तर गावात बातमी आली ती मास्तरांनी पेपर वाचून सांगितली: सहादेवला वीरचक्र मिळालं. आईनं त्यातला पहिला शब्द ऐकला. पुढचं चक्र तिनं ऐकलंच नसावं. ती उठली आणि देव्हाऱ्यातले देव एका बाजूला सरकवून तिनं मधे चार बोटं जागा केली.

पदक घ्यायला दिल्लीला मीच तिला घेऊन गेलो होतो. तिथं एका साहेबानं तिला आधी शिकवलं की असं चालायचं, इथं थांबायचं, हात जोडायचे. तिनं सगळं नीट केलं, फक्त शेवटी हात जोडायच्या ऐवजी पदर पसरला. मोठमोठे लोक बसले होते, कुणी हसलं नाही. परतीच्या गाडीत तिनं पेटी उघडून ते रुपं निरखून पाहिलं. घोडा नाही का, म्हणून मला विचारलं. मी म्हणालो, ही चांदणी आहे आणि मधे चक्र आहे. तिनं विचार केला आणि म्हणाली, पायदळात हुता त्यो, घोडा कुठनं आसनार. सरकारनं आपल्या लेकाचा टाक घडवून दिला, असं ती धरून चालली होती. मी तिची चूक काढली नाही. मला ती चूक वाटलीही नाही.

गावाच्या वेशीवर काकासाहेब हलगी-लेझीम घेऊन उभे. मिरवणूक, हार, गुलाल. शाळेपुढं सभा झाली. सभेत त्यांनी पेटी आईच्या हातातून घेतली, उघडून चारी दिशांना दाखवली आणि बोलता बोलता मिटून आपल्या माणसाकडं दिली. म्हणाले, हा एका घराचा नव्हे, अख्ख्या गावाचा मान आहे, तो गाव सांभाळील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत पेटी जीपमध्ये गेली होती. लुबाडणं बरंच पाहिलंय मी, पण टाळ्या घेऊन लुबाडणं त्या दिवशी पाहिलं.

आई आठ दिवस थांबली. तिला वाटलं, पाहुण्यारावळ्यांना दाखवून झालं की आणून देतील. मग ती बंगल्यावर गेली, मी सोबत होतो. दिवाणखान्यात चार बाहेरगावची माणसं चहा पीत बसली होती. आईनं सांगितलं, माझा वीर द्या, त्याला देव्हाऱ्यात बसवायचाय. काकासाहेबांना हसू आवरलं नाही. त्या माणसांकडं पाहत ते म्हणाले, "आवं आक्काबाई, ह्यो तसला वीर न्हवं. ह्ये वीरचक्र हाय, सरकारी. तुमी हळदकुंकू लावून त्येची वाट लावाल."

"तसला न्हवं म्हंजे कसला?" आईनं विचारलं.

उत्तराच्या जागी त्यांनी चहा मागवला. आईला चहा दिला, मला दिला. कपाटापुढं उभं राहून आम्ही पेटी पाहिली. काचेला कुलूप होतं. आईनं काचेवर हात ठेवला तेव्हा काकासाहेबांच्या गड्यानं लगेच फडक्यानं बोटांचे डाग पुसले. त्या फडक्याची मला अजून चीड येते.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, सोनाराकडून चांगला दुसरा टाक करू, घोड्यावरचा. ती वाटेतच थांबली. दुसरी चांदी आणली तर तो दुसऱ्याचा वीर होईल, म्हणाली. सहादेव गेला त्याबद्दल जे आलं ते एवढंच आलंय. त्याच्या बदल्यात दुसरं काही चालणार नाही.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. खरीप गेलं, रब्बीची पेरणीच नाही. विहिरींनी तळ दाखवला. अर्धा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा, आईसुद्धा जायची. मी तिला नको म्हणायचो, माझा पगार होता. पण घरात बसवत नाही म्हणायची. एकदा कारण विचारलं तेव्हा तिनं सांगितलं.

"सहादेव अंगनात उभा ऱ्हातुया. आत ये म्हनलं तर येत न्हाई. मी कुठं बसवू त्येला?"

त्या दिवसापासून मी काकासाहेबांचे उंबरे झिजवायला लागलो. कधी ते नगरला गेलेले असत, कधी पूजेत, कधी झोपलेले. भेटले की खांद्यावर हात ठेवायचे. म्हणायचे, गोरक्षा, तू शिकलेला माणूस, तू तरी समजून घे. तुझ्या भावाचं नाव मी मुंबईपर्यंत पोचवतोय. एकदा मी आवाज चढवला, तर दुसऱ्याच दिवशी डेपो मॅनेजरनं मला बोलावून विचारलं, काय रे, बदली हवी आहे का? म्हणजे माझंही नाव ते पोचवत होते.

होळी आली. लाकडं कुठली, तुराट्या आणि गोवऱ्यांचीच होळी. पुरणाच्या जागी सरकारी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. पण धुळवडीचे वीर निघणार होते, दुष्काळ असला म्हणून वीर थांबत नाहीत. आईनं सकाळी खोबऱ्याची वाटी काढली, लाल फडकं धुऊन वाळवलं, मला मुंडासं बांधलं, कपाळाला भंडारा लावला. मी विचारलं, वाटीत काय ठेवायचं? ती म्हणाली, "काय बी न्हाई. रिकामीच न्यायची."

दुपार टळल्यावर सगळे होळीच्या माळावर जमले. हलगी तापली. म्हातारे पुंजाराम गुरव उभे राहून पुकारा करू लागले. पहिला पुकारा अर्थातच काकासाहेबांच्या घरचा. काकासाहेब जरीचा फेटा बांधून स्वतः आले, वाटी छातीशी धरून, भरल्या पोटाच्या माणसाला जमेल तेवढं नाचत त्यांनी पाच फेऱ्या केल्या. मग दोन घरं झाली. मग पुंजारामबाबांनी पुकारलं, आक्काबाईच्या घरचा वीर. नवा वीर म्हणून लोक पुढं सरकले.

मी होळीपुढं आलो. आई माझ्या बाजूला आली आणि तिनं लाल फडकं उचललं. वाटी सगळ्यांना दिसली.

पुंजारामबाबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, वाटी रिकामी हाय.

"माझा वीर काकासाहेबांच्या कपाटात हाय," आई म्हणाली. "पुकारा झालाय. त्यो आल्याबिगर फेरी व्हायची न्हाई."

हलगी थांबली. एवढ्या माणसांत मला नुसत्या गोवऱ्यांच्या राखेचा वास तेवढा कळत होता. मागं बारा घरांचे वीर वाट्यांत बसून खोळंबले होते, आणि पुकारा झाला तो परत घेता येत नाही. काकासाहेबांनी आधी हसून पाहिलं. म्हणाले, उद्या पाठवतो. पुंजारामबाबा म्हणाले, उद्या वीर नसतात. बंगला इथून दिसतोय, गडी पाठवा. काकासाहेब म्हणाले, किल्ली नगरला राहिली. कुणीतरी मागून म्हणालं, मंग काच फोडू. आवाज कुणाचा होता ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही.

तेव्हा कुठं ते बोलले. पदक कपाटात नव्हतंच. दुष्काळी कामं बघायला जे मंत्री येऊन गेले त्यांना ते फार आवडलं. मुंबईला चार लोकांना दाखवतो म्हणून ते पेटी घेऊन गेले होते. त्याला पंधरा दिवस झाले होते. दरम्यान मी दोनदा बंगल्यावर गेलो होतो आणि दोन्ही वेळा मला सांगितलं होतं की पेटी जागच्या जागी आहे.

मला काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. हातातली वाटी खाली पडली आणि काकासाहेबांची बंडी माझ्या मुठीत होती. माझा भाऊ पोटात गोळ्या घेऊन सरपटत गेला, आणि ह्या माणसानं तो मंत्र्याला आवडला म्हणून देऊन टाकला. पानसुपारी द्यावी तसा. मी हात उगारला होता, तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. खडी फोडून तिचा हात दगडासारखा झाला होता. मला सोडवता आला नाही.

मला बाजूला सारून ती काकासाहेबांपुढं उभी राहिली. त्यांच्या हातातल्या वाटीतून तिनं त्यांचा वीर उचलला. दोन बोटांत, हळद सांडू न देता. कुणी हललं नाही, काकासाहेबसुद्धा नाही.

"माझा आना," ती म्हणाली. "तवर ह्यो माझ्यापाशी."

टाक पदरात बांधून ती घराकडं चालू लागली. पुंजारामबाबा खाली बसले. त्या वर्षी राहिलेल्या बारा घरांच्या फेऱ्या झाल्या नाहीत, आणि त्या बारा घरांतल्या एकाही माणसानं त्याबद्दल आईला बोल लावला नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, तो टाक इकडं दे, आडात टाकतो. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टँकरच्या पाण्यातलं प्यायचं पाणी आम्ही मोजून वापरत होतो. त्यातलं तिनं तांब्याभर घेतलं, काकासाहेबांचा वीर ताम्हणात ठेवला आणि त्याला अंघोळ घातली. चिंचेनं घासला. वर्षानुवर्षांचं किटण गेलं तसा घोडा दिसला, स्वाराचे डोळे दिसले. मी तणतणत होतो. त्या घराचं काहीही आपल्या घरात नको, असं काहीतरी बडबडत होतो.

"ह्यानं काय केलंय?" ती म्हणाली. "ह्याला बी कुनीतरी लढाईत म्होरं घातलंच आसंल."

मग तिनं त्याला देव्हाऱ्यात बसवलं. मधल्या चार बोटांच्या जागेत नाही, त्या जागेच्या शेजारी. आणि माझ्याकडं न बघता विचारलं, ह्येचं नाव काय रं? मला माहीत नव्हतं. तिनं शेजारी विचारलं, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. पुंजारामबाबा म्हणाले, आपण तर घराचाच पुकारा करतो, बापानंही तसाच केला. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

काकासाहेबांनी पहिल्या दिवशी मुनीम पाठवला, दुसऱ्या दिवशी दोन दांडगे गडी पाठवले. गडी दारातून आईला पाहून परत गेले. पोलिसांत जावं तर काय लिहून द्यायचं? शहीद जवानाच्या आईनं माझा वीर नेला, कारण तिचा मी मंत्र्याला दिला? जीप मुंबईला गेली. चौथ्या दिवशी काकासाहेब स्वतः आले. बाहेर चपला काढून, हातात निळी पेटी घेऊन.

आईनं पेटी घेतली, उघडली, रुपं तळहातावर घेऊन कपाळाला लावलं. अंगणाकडं तोंड करून ती हळूच काहीतरी बोलली आणि आत जाऊन त्याला मधल्या जागेत ठेवलं. बराच वेळ ती तिथंच बसून राहिली. काकासाहेब उभे, मी उभा. मला वाटलं, संपलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात त्यांचा टाक होता, लख्ख घासलेला. काकासाहेबांनी हात पुढं केले.

"ह्येचं नाव काय?" तिनं विचारलं.

काकासाहेब म्हणाले, आमचे पूर्वज. खापरपणजोबांचे बंधू असावेत.

"नाव इचारलं मी."

ज्यांच्या तोंडाला कधी खळ नाही, सभेत घड्याळाकडं न बघता जे तास तास बोलतात, त्यांना एक नाव सांगता येईना. मला त्या क्षणी झालेला आनंद चांगला नव्हता, पण झाला.

आईचा आवाज चढला नाही. "दर साली नाचवता, पयला मान घेता, आन् नाव ठावं न्हाई. तुमच्या कपाटात ऱ्हायला आसता तर माझ्या सहादेवाचं बी ह्येच झालं आसतं. घरी इचारा. नाव घिऊन या, आन् मंग ह्येला न्या." आणि ती टाक घेऊन आत गेली.

आठवड्यानं निरोप आला की नाव रंगनाथ होतं. त्यावर त्यांचीच चुलती झुंबरबाई पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, रंगनाथ माझा सासरा, त्यो खोकल्यानं मेला. त्यानंतर निरोप आला नाही.

यंदा पाऊसपाणी बरं झालं, होळी उंच रचली होती. धुळवडीला मी दोन्ही हातांत दोन वाट्या घेऊन माळावर गेलो. पुंजारामबाबांनी ह्या वेळी घराचा पुकारा केला नाही, आईनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी माणसाचा केला. सहादेव, असा त्यांनी आवाज दिला, आणि मी माझ्या भावाला पाच फेऱ्या घातल्या. मग त्यांनी दुसऱ्या वाटीकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि तसेच थांबले. हलगी थांबली. सगळे काकासाहेबांकडं बघू लागले. ते जरीचा फेटा बांधून, रिकाम्या हातांनी गर्दीत उभे होते. नाव काही आलं नाही, तेव्हा मी त्या वीराला नावाशिवायच नाचवला. काकासाहेबांची मान खाली गेली होती. मला त्यांची दया आली नाही.